गाय माझ्याच हाताला पान्हवते

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरून आलेलं पत्र आहे. ओळख पटेल असं सगळं काढून मजकूर थोडक्यात देते.

लिहिणारीचं वय ३३, लग्नाला ११ वर्षं झाली. घरात नवरा, सासू-सासरे आणि ९ वर्षांची मुलगी. गोठ्यात सात दुभत्या संकरित गाई आणि दोन कालवडी. पहाटे साडेचारला उठून शेण काढणं, धारा, वासरं, मग स्वयंपाक आणि मुलीची शाळा. संध्याकाळी पाचपासून पुन्हा तेच. नवरा कुट्टी करतो, खुराक आणतो, दूध डेअरीला घालतो, पण धारेला बसत नाही. 'माझा हात बसत नाही' म्हणतो. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. गेल्या चार वर्षांत ही ताई माहेरी एक रात्रही राहिलेली नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही सकाळची धार काढून गेली आणि संध्याकाळच्या धारेला परतली. आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पुढच्या महिन्यात सोयीने तारीख धरा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. भाऊ कंपनीत, वहिनीचे दिवस भरत आलेले. आठ दिवस तरी जायला हवं. सासरे म्हणतात, 'तू गेलीस की गाई आटतील, कास बिघडली तर कोण निस्तरणार?' सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराचा तळतळाट लागतो. नवरा चिडून म्हणाला, 'मग विकून टाकू सगळ्या, म्हणजे बस माहेरी.' त्यातून चंद्री नावाची गाय खरोखरच दुसऱ्या कुणाला पान्हवत नाही. 'तिला सातवा महिना लागलाय, दूध चार लिटरवर आलंय, पण मी नसले की ती लाथ मारते.' शेवटी विचारलंय: 'गाई विकायला सांगू, की जमणार नाही म्हणून आईला कळवू? गाई विकायचं नुसतं मनात आलं तरी रडू येतं.'

ताई, आधी चंद्रीचं बघू, माणसांकडे मग वळू. माणसांचं लांबतं.

चंद्रीला सातवा महिना लागलाय, हे तुम्ही लिहिलंत आणि तसंच पुढे गेलात. मी मात्र तिथे थांबले. गाय नऊ महिने नऊ दिवसांची. विण्याआधी ६० दिवस कासेला विसावा हवा, म्हणजे सातवा महिना संपता संपता तिला आटवायचीच आहे. आईच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आणि तीही तुमच्या सोयीने. मग तुम्ही माहेरी असाल त्या आठ दिवसांत चंद्रीची धारच काढायची नाहीये! जिच्या नावावर सगळं घर अडून बसलंय, ती त्या आठवड्यात दावणीला निवांत रवंथ करत बसलेली असेल.

गाय भरवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड किंवा वही काढा आणि नीट मोजा. अंदाजाने नको, एका महिन्याची चूक सहज होते. तारीख जुळली तर निघायच्या दहा-बारा दिवस आधी तिला आटवायला घ्या. खुराक कमी करा. चार लिटरवर आलेली गाय एकदम बंद केली तरी चालते. शेवटची धार मात्र कास पुरती रिकामी करून काढा आणि चारही सडांत आटवणीच्या औषधाच्या ट्यूबा सोडण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिले चार-पाच दिवस कास फुगलेली दिसेल, त्याला भिऊन पुन्हा धार काढायला बसू नका. हात लावून बघत राहा. एखादा सड गरम आणि टणक लागला, किंवा गाय वैरण खाईना, तर मात्र डॉक्टर. हे सगळं तुम्ही घरात असताना होऊन जाईल, म्हणून दहा-बारा दिवस म्हणते.

राहिल्या सहा.

'माझ्याशिवाय पान्हवत नाहीत' हे वाक्य तुमच्या घरात सगळेच बोलतात. पान्हा म्हणजे काय, ते एकदा नीट बघू. कासेवरून कोमट पाण्याचा फडका फिरला, सडांना हात लागला, बादलीची कडी वाजली, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात सुटतं. मिनिटभरात ते कासेत पोचतं आणि साठलेलं दूध सडांकडे लोटतं. त्याचा जोर टिकतो पाच-सात मिनिटं, तेवढ्यात धार उरकायची. गाय बिचकली, कुणी खेकसलं, पाठीत काठी बसली, की ॲड्रेनलिन सुटतं आणि ते पान्हा अडवून धरतं. 'दूध चोरते' म्हणून आपण तिला वर आणखी दोन शिव्या देतो. ती चोरत नसते, भ्यालेली असते.

म्हणजे गाय ओळखते ती खुणांची एक साखळी. तुमची चाल, धारेला बसताना डोक्याला बांधता तो स्कार्फ, तीच बादली, आधी कोण मग कोण हा क्रम, आणि धार काढताना तुम्ही तोंडाने जे काही पुटपुटता ते. यातली पाच-सहा कड्या तशाच ठेवून एकच बदलली, माणूस, तर बहुतेक गाई दोन-चार दिवस कान टवकारतात आणि मग रुळतात. संकरित गाईला तर पान्ह्यासाठी वासरूही लागत नाही. गावठी गाय आणि म्हैस जास्त हट्टी. मशीनवर चालणाऱ्या मोठ्या गोठ्यांत कुठलीच गाय एका हाताची नसते, आणि त्या भरभरून दूध देतात.

माझ्या आत्याची म्हैस अशीच होती, एका हाताची. आत्या बाळंतपणाला आली तेव्हा मामांनी तीन दिवस शिव्या, चुचकारणं, सरकी, सगळं करून पाहिलं. चौथ्या दिवशी ते आत्याचं जुनं लुगडं अंगावर गुंडाळून धारेला बसले. आळीतली पोरं कुडावरून डोकावून हसत होती. म्हशीने मात्र बादली भरली. पुढे महिनाभराने लुगडं सुटलं तरी म्हशीला फरक पडला नाही. मामा ते लुगडं पुढे वर्षानुवर्षं गोठ्यातच खुंटीला ठेवून होते, बहुतेक धाक म्हणून.

आता एक प्रश्न. मुलीच्या वेळी तुम्ही तीन महिने माहेरी होतात असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा गोठ्यात दोन गाई होत्या. त्यांची धार कोण काढत होतं? सासूबाई. गाई आटल्या का? तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे हात बदलला तरी चाललं होतं. फरक एवढाच की तेव्हा घरात दुसरा हात होता, आता नाही. सासूबाईंची बोटं गेली, गाई दोनाच्या सात झाल्या, आणि त्यांच्या जागी कुणीच बसलं नाही. हा गाईंचा स्वभाव नाही. माणसांनी तशी लावून घेतलेली सोय आहे. तुमच्या चार वर्षांचा हिशेब मी मांडला: दिवसाला दोन वेळा, म्हणजे २,९०० च्या वर पाळ्या. एकही चुकली नाही. गावातल्या कुठल्या नोकरीत अशी हजेरी असते?

आता जे म्हणणार आहे त्याचा कदाचित राग येईल. आला तर येऊ दे.

तुमच्या पत्रात कष्टांबद्दल दोन ओळी आहेत आणि चंद्रीबद्दल पाऊण पान. ती तुमच्या खांद्यावर मान टाकते, नवरा जवळ गेला की शेपटी आपटते, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण त्यातला अभिमान लपत नाही. असूही दे अभिमान. ज्या घरात दुधाचं बिल सासऱ्यांच्या नावावर येतं, गाडी नवऱ्याची, निर्णय दोघांचा, तिथे 'हिच्यावाचून अडतं' ही एकच गोष्ट तुमच्या नावावर आहे. ती सोडताना हात थरथरणारच. नवरा शिकला तर आपली किंमत काय राहील, अशी धास्ती कुठे आत आहे का, हे रात्री पडल्या पडल्या स्वतःला विचारून बघा. मला उत्तर कळवायची गरज नाही. पण ती असेल तर आधी ती बाजूला ठेवावी लागेल, नाहीतर नवऱ्याला शिकवताना दुसऱ्याच दिवशी 'सरका, मला द्या' म्हणून तुम्हीच स्टूल ओढून घ्याल. हे मी अनेक घरांत पाहिलंय, चुलीपासून गोठ्यापर्यंत.

नवऱ्याचा 'हात बसत नाही' याला माझ्याकडे फारशी सहानुभूती नाही. कुट्टी मशीनमध्ये बोटं जाऊ न देता वैरण सारायला जास्त हात बसावा लागतो. तीन आठवडे द्या त्यांना. सगळ्यांत गरीब गाय निवडा, चंद्री नको. पहिले काही दिवस धार तुम्हीच काढा. त्यांनी फक्त त्याच वेळी येऊन तिच्यापुढे खुराक ठेवायचा, मानेखाली खाजवायचं, कास धुऊन पुसायची. मग दोन सड त्यांनी, दोन तुम्ही. मग चारही त्यांनी आणि तुम्ही शेजारच्या गाईला. मग तुम्ही गोठ्याच्या दाराशी. शेवटचे दोन-तीन दिवस तुम्ही गोठ्यात जायचंच नाही, घरात चहा पीत बसायचं. हे सगळ्यांत अवघड आहे, तुमच्यासाठी.

शिकवताना दोन गोष्टींवर हटून बसा. अंगठा दुमडून सड ओढायचा नाही. अख्ख्या मुठीत धरून वरून खाली दाबायचा. नवशिके अंगठ्याने ओढतात, त्याने सडाला आतून इजा होते आणि मग सासरे म्हणतात तसा कास बिघडण्याचा, म्हणजे दगडीचा, त्रास खरंच उभा राहतो. दुसरं म्हणजे स्वच्छता: नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले, कास धुऊन कोरडी पुसलेली, धार झाल्यावर सड आयोडिनच्या औषधात बुडवलेले. आणि धार संपली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. तशीच खाली शेणात बसली तर जंतू आत जातात. कास बिघडते ती अशाने. हात बदलल्याने नाही.

तुम्ही कुठल्या गाईला काय म्हणून हाक मारता, आणि धार काढताना काय पुटपुटता, तेही त्यांना सांगून ठेवा. लाजू नका. तो तुमचा स्कार्फही देऊन ठेवा, आत्याच्या लुगड्यासारखा.

आठ दिवसांत दूध थोडं कमी पडेल का? पडेल, बहुधा पहिले दोन-तीन दिवस. तेवढं पडू द्या. १६ वेळच्या धारांचा प्रश्न आहे. या वाक्यावर सासरे चिडतील, तेव्हा त्यांना तीन आठवड्यांची वही दाखवा: कोणत्या दिवशी कोणी धार काढली, किती निघालं. आकड्यांपुढे माणसं जरा मवाळ होतात. एक मात्र आधीच बजावून ठेवा. गाय अडली तर कुणीतरी येऊन 'पान्ह्याचं इंजेक्शन मारा की' म्हणणारच. दूध काढण्यासाठी गाईला इंजेक्शन टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि एकदा त्याची सवय लागली की त्याच्याशिवाय गाय सोडतच नाही. एखादी अडलीच तर दहा मिनिटं थांबावं, तिला एकटं सोडावं, पुन्हा कास धुऊन बसावं. दुधात गाठी दिसल्या, सड सुजला, तर १९६२ या नंबरला फोन करावा. पशुवैद्यकीय गाडीसाठी तो मोफत आहे. नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, म्हणजे तुम्हाला फोन येणार नाही.

विकण्याचं म्हणाल तर नवऱ्याचं ते वाक्य टोमणा होता, पण आपण तो खरा समजून हिशेबाला बसू. सगळ्या विकायच्या की एकही नाही, असे दोनच पर्याय का? गाय स्वतःच्या शरीरापुरता दीड-दोन किलो खुराक खाते आणि वर दर अडीच-तीन लिटर दुधामागे किलोभर. या मापाने प्रत्येक गाईचा दहा दिवसांचा खुराक आणि दहा दिवसांचं दूध मांडा. सातांतल्या एखाद-दोन गाई दरवेळी उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, वेतामागून वेत लांबतं, आणि त्या इतरांच्या जिवावर जगत असतात. बहुतेक गोठ्यांत असतातच. अशी एक-दोन काढली तर बिलाला फारसं खिंडार पडत नाही. एका गाईच्या धारेला दोन्ही वेळची मिळून वीसेक मिनिटं जातात. दोन कमी झाल्या तर दिवसाला पाऊण तास तुमचा. तुम्हाला रडू येतं ते कुठल्या गाईसाठी, हेही बघा. सातही सारख्याच लाडक्या असतात असं मला वाटत नाही.

मजूर लावायचा विचार तुम्ही केलेला दिसतो आणि सोडूनही दिलेला. बरोबर केलंत. आठ दिवसांसाठी आलेला अनोळखी गडी म्हणजे गाईंसाठी सगळ्यांत वाईट, साखळीच्या सगळ्याच कड्या तुटल्या. मशीनचं मात्र बघा. एका बादलीचं मशीन सात गाईंना पुरतं, आणि त्याला 'बायांचं काम' म्हणून कुणी नाक मुरडत नाही. मोटर लावली की पुरुष लगेच पुढे येतात, हे मी हसत लिहितेय पण खरं आहे. मशीन आलं तर ते महिनाभर आधी आणा. गाईंना त्याच्या आवाजाची सवय लागायला हवी, आणि रबरी नळ्या रोज गरम पाण्याने धुणार कोण, हेही आधीच ठरवा. न धुतलेलं मशीन हाताहून वाईट.

पण या सगळ्याहून जुनी एक सोय आपल्याकडे होती: सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. खुरपणीला अजूनही करतात, धारेला का नको? तुमच्या वस्तीवर आणखी दोन-तीन घरी गाई आहेत असं लिहिलंय, म्हणजे तिथेही कुणी तरी बाई चार-चार वर्षं माहेरी गेलेली नसणार. तिच्याशी बोला. तुमच्या सहांपैकी तीन तिने एक आठवडा काढायच्या, पुढे तिच्या घरी लग्नकार्य निघालं की तुम्ही फेडायचं. आधी आठवडाभर एकमेकींच्या गोठ्यात जाऊन बसा, म्हणजे गाईंची ओळख होईल. फक्त दुसऱ्याच्या गोठ्यातून येताना पाय आणि हात धुऊनच आपल्या गाईंत जा. लाळ्या-खुरकूत हा रोग चपला-कपड्यांबरोबरही फिरतो.

वैरणीचा विचार तुम्ही कुठे केलेला नाही, कारण ती नवरा बघतो. पण तो धारेला बसला की कुट्टीचा वेळ कुठून काढेल? यावर मुरघासासारखा उपाय नाही. मका दाणा चिकात आल्यावर कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून भरला की ४५ ते ६० दिवसांत तयार होतो. या खेपेला तो वेळेत होणार नाही. विकतच्या बॅगा मिळत असतील तर आठवड्यापुरत्या घ्या, आणि त्याही अचानक नको, आठ-दहा दिवस थोड्या थोड्या मिसळत. पुढच्या मक्याचा मात्र खड्डा कराच. रोज घास कापण्याच्या कामात घराघरातल्या बायकांचे किती तास जातात हे कुणी मोजतच नाही.

मुलीबद्दल एक ओळ. ती नऊ वर्षांची आहे आणि धार शिकतेय, हे वाचून छान वाटलं. शिकू दे. पण तुमच्या जागी तिला बसवून प्रश्न सोडवू नका, तशी सूचना घरातून येईल.

आता बिल. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल सासऱ्यांच्या खात्यावर जमा होतं आणि तुम्हाला फॅट किती लागली एवढंच कळतं. आठ दिवसांच्या रजेशी याचा संबंध नाही असं वाटेल, पण आहे. ज्याच्या नावावर काम नसतं, त्याला रजाही मागता येत नाही. नावाशिवायचं काम हे कामच धरलं जात नाही, ते 'असतंच'. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक आली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा म्हणून. जमिनीसाठी निदान हाक तरी आली. गोठ्यासाठी तीही नाही. दूध संस्थेच्या सचिवांना विचारा, तुमच्या नावाने वेगळा सभासद क्रमांक मिळेल का. मिळाला तर दोन गाईंचं दूध त्यावर घाला. दोनच. सासऱ्यांचा मान जात नाही आणि तुमच्या पासबुकात पहिली नोंद पडते. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड दुभत्या जनावरांच्या खुराक-औषधांच्या खर्चासाठीही मिळतं, त्याला जमीन नावावर असावी लागत नाही. बँकेत जाऊन विचारायला हरकत नाही. हे सगळं ऑपरेशननंतर. एकाच महिन्यात सगळ्या आघाड्या उघडू नका.

घरात बोलायचं कसं? सासऱ्यांशी सुरुवात करू नका. सासूबाईंशी करा. तुम्ही त्यांना विरोधी पक्षात टाकलंय, मला तसं वाटत नाही. वाकडी झालेली ती बोटं कशाने झिजली? संध्याकाळी त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना सहज विचारा, 'आत्याबाई, तुम्ही शेवटच्या माहेरी मुक्कामी कधी होतात?' आणि मग गप्प बसा. मधे बोलू नका. तळतळाटाचं त्या जे म्हणतात, ते त्यांनाही कुणीतरी ऐकवलेलं असणार, त्या अडून राहिल्या तेव्हा. गोठ्यात बसून नवऱ्याचा हात सुधारायला त्यांच्याइतकं कोण योग्य? बोटं चालत नसली तरी नजर चालते. आठ दिवस गोठ्यावर देखरेख सासूबाईंची, असं जाहीर करा. त्यांना ते आवडेल. सासऱ्यांनाही बायकोपुढे फार बोलता येणार नाही.

नवऱ्याशी बोलताना 'जाऊ का?' हे दोन शब्द काढून टाका. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर तुम्हाला माहीत आहे. तारीख सांगा. 'अमुक तारखेला सकाळची धार काढून निघते, नवव्या दिवशी संध्याकाळच्या धारेला येते. तोवर आपल्याला तीन आठवडे आहेत, उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर बसा.' विकून टाकू म्हणाले तर शांतपणे 'बघू, वही आणा' म्हणा. कदाचित ते वही आणणार नाहीत. कदाचित स्टूल आणतील. ज्या माणसाला रोज कॅन घेऊन डेअरीत उभं राहायची लाज वाटत नाही, त्याला कासेखाली बसायची का वाटते, हे त्यांना एकदा कुणी पुरुषाने विचारलं तर बरं. भाऊ फोन करतो का बघा.

आणि आईला आजच फोन करून सांगा की येतेय. घरात ठरल्यावर सांगेन, असं म्हणत थांबू नका. आईला सांगितलंत की तारीख पक्की होते.

पहिल्या रात्री माहेरी तुम्हाला साडेचारला जाग येणार, काही झालं तरी. उठून कामाला लागू नका, दवाखान्यात आईच्या खाटेशेजारी पडून राहा. आणि घरी फोन कराल तर सातच्या आत करू नका. ते धारेवर असतील, फोन वाजला की गाय बिचकेल.